मारोती कंडक्टरचा उजवा हात

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाई सुमनबाईंना, कुठलंही काम अर्धवट सोडलेलं चालत नाही. तवा घासायला घेतला तर तो चमकेपर्यंत त्यांचा हात थांबत नाही. लग्न होऊन मी लोह्याहून या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यात एक काडी राहिली म्हणून त्यांनी मला सगळं अंगण पुन्हा झाडायला लावलं होतं. मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला आणि झाडलं. पुढे कळलं, ही बाई स्वतःलाही तशीच राबवते. म्हणून मामंजींना लकवा मारला तेव्हा मला उलट धीर वाटला होता. म्हटलं, माणूस पक्क्या हातात आहे.

मामंजी म्हणजे मारोती कंडक्टर. मुखेड आगारात त्यांनी सगळी नोकरी काढली. कधी नांदेडची गाडी, कधी जळकोटवरून लातूरची. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी लोक त्यांना कंडक्टरच म्हणायचे. बोलायला लई गोड माणूस. घरातही त्यांची एसटी चालूच असायची. जेवताना आणखी भाकरी हवी असली की ताटावर डाव्या हातातल्या स्टीलच्या अंगठीनं दोनदा वाजवायचे. पुरे झालं की एकदाच. दोन घंट्या म्हणजे चला आणि एक घंटी म्हणजे थांबा, हा एसटीचा कायदा. आत्याबाई चिडायच्या. "हे घर हाय का यष्टी?" म्हणायच्या. पण दोन टिचक्या ऐकल्या की भाकरी वाढायच्या आणि एक ऐकली की टोपली झाकायच्या.

गेल्या साली सोयाबीन काढणीच्या दिवसांत एका सकाळी मामंजींच्या हातातून दात घासायचा ब्रश खाली पडला. उचलायला वाकले ते तसेच पडले. नांदेडच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेली. समजत सगळं होतं, फक्त सांगता येत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर गाडीभर लोकांना बोलण्यात गुंतवून ठेवलं त्याच्या तोंडातून आता नुसता "आं, आं" निघायचा. मला ते ऐकवत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत बसायची.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. हात-पाय हलवत राहा, ही पहिली. दुसरी अशी की या आजारात माणसाचा मनावर ताबा राहत नाही, उगाच रडतात, उगाच हसतात, तुम्ही मनावर घेऊ नका. डॉक्टर खोटं काही बोलले नाहीत. व्यायाम शिकायला फिजिओथेरपीच्या विभागात या, असंही त्यांनी सांगितलं होतं. पण आधी घरी नेऊ, मग बघू, असं झालं. माझा नवरा सुगत लातूरला कंपनीत, तो शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. आडव्या माणसाला घेऊन नांदेड गाठायचं म्हणजे गाडी करा, चार माणसं बोलवा. ते राहिलं ते राहिलंच. आत्याबाईंनी मात्र "हलवत राहा" एवढं पदराला गाठ मारून आणलं होतं.

आता कप्पीचं सांगते.

आमच्या वस्तीत शाळेच्या मागं एक आड आहे. गावच्या आडावर आमच्या माणसांना पाणी भरू देत नव्हते, तेव्हा वस्तीनं स्वतः खणलेला. मामंजी तेव्हा नोकरीत नवे होते. पहिल्या पगारातून त्यांनी नांदेडहून लोखंडी कप्पी आणली, एसटीच्या टपावर टाकून, आणि आडावर बसवली. आत्याबाई नव्या नवरी होत्या. त्या कप्पीवरून पहिली बादली त्यांनी ओढली, हे त्या अजून सांगतात. पुढे नळ आले, आड बुजत आला, तेव्हा ती कप्पी त्यांनी घरी आणून तेल लावून कपाटाखाली ठेवली होती.

मामंजींना घरी आणलं त्याच आठवड्यात ती कप्पी निघाली. पुढच्या पत्र्याच्या पाइपाला सुगतनं ती टांगली, त्यातून दोरी घातली. एका टोकाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधून त्यात मामंजींचा लुळा हात अडकवला, दुसरं टोक त्यांच्या चांगल्या हातात दिलं. चांगल्या हातानं ओढायचं, लुळा हात वर जाणार. "आयुष्यभर दोरीच ओढली की तुम्ही," आत्याबाई त्यांना म्हणाल्या. "ह्या कप्पीनं आपल्याला पाणी दिलं. हात बी देईल." मामंजी हसले. तोंड एका बाजूला ओढलं जायचं, पण ते हसूच होतं.

थोडे दिवस त्यांनी ओढलं. मग सोडून दिलं. दोरी हातात दिली की टाकून द्यायचे. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आत्याबाईंना ते सोसायचं नाही असं नाही. त्या पदरानं त्यांचे डोळे पुसायच्या आणि पुन्हा दोरी धरायच्या. "डॉक्टर बोलले हाय, आजाराचं रडू हाय. मनावर घ्यायचं न्हाई. दुखल्याबिगर काही सुटत असतंय का?" शेवटी दुसरं टोक त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. आडातून पाणी ओढतात तसं दोन्ही हातांनी, एकाखाली एक हात टाकत. मामंजी लोखंडी कॉटवर बसलेले, फडक्यातला उजवा हात हळूहळू वर, आणखी वर, थेट डोक्यावर.

ज्या दिवशी हात डोक्यावर गेला त्या दिवशी सगळी गल्ली अंगणात आली. रविवार होता. सुगतनं मोबाइलवर व्हिडिओ काढला. "मारोती कंडक्टरचा हात उठला!" म्हणून कुणी ओरडलं, बायांनी टाळ्या वाजवल्या. मामंजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि डावा हात कॉटच्या पाइपावर वाजत होता. टण. थोड्या वेळानं पुन्हा टण. आत्याबाई हसून म्हणाल्या, "बगा, ताल धरून राहिले." व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठं कुठं गेला. खाली लोकांनी लिहिलं, आनंदाश्रू. धन्य ती माउली. मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं.

त्यानंतर हात सुजायला लागला. बोटं पिकल्या केळासारखी फुगली. त्या कुशीवर वळवलं की मामंजी किंचाळायचे. जेवण कमी झालं. आत्याबाईंनी तेल लावून चोळलं, मग आणखी जोरानं चोळलं. सूज काही उतरेना. तेव्हा कुठं सुगतनं एक दिवस रजा टाकली आणि आम्ही गाडी करून नांदेडला गेलो.

फिजिओथेरपीच्या मंजुषा मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मामंजींचा हात लगेच धरला नाही. आधी समोर स्टुलावर बसल्या, "काका, हात लावू का?" म्हणून विचारलं आणि ते मान हलवेपर्यंत थांबल्या. मला आठवेना, आमच्या घरात त्यांना हे शेवटचं कुणी विचारलं होतं. मग त्यांनी खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवून सुगतला दाखवलं. तिथं खड्डा होता, बोट आत जाईल एवढा.

"खांद्याचा गोळा खाली उतरलाय," त्या म्हणाल्या. "स्नायूंत ताकद नाही, त्यामुळे हाताच्या वजनानंच तो खाली ओढला जातो. घरी काय व्यायाम करता?"

आत्याबाईंचा चेहरा उजळला. "सुगत, दाव की मॅडमला."

सुगतनं व्हिडिओ लावला. मॅडम बघत राहिल्या. त्यांचा चेहरा बदलला हे मला दिसलं, आत्याबाईंना नाही.

"हा आवाज कसला?"

"ते ताल धरतात," आत्याबाई म्हणाल्या.

मॅडमनी व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा लावला. हात छातीपर्यंत आला, काही नाही. खांद्याच्या वर गेला. टण. खाली आला, पुन्हा वर गेला. टण. "आजी, नीट बघा. हात खांद्याच्या वर गेला की वाजवतात. दर वेळी. आणि एकदाच."

आत्याबाई स्टुलावरून उठल्या. बसायचं कुठं हे कळत नसल्यासारख्या उभ्याच राहिल्या. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "रेणुका," त्या म्हणाल्या, "एकच घंटी देऊन राहिले की गं ते."

सुगतनं मोबाइल बंद केला. मामंजी खिडकीकडे बघत होते.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं की हात वर जाताना पाठीवरचं पातं त्याच्यासोबत फिरावं लागतं. लकव्यात ते फिरत नाही, आणि आपण दोरीनं नुसता हात ओढला की आतलं मांस हाडात चेंबतं. "कप्पी तर कधीच नको. पुष्कळ घरी हे होतं, आजी. प्रेमानंच होतं." रडण्याचंही त्यांनी सांगितलं. आजाराचं रडणं येतं आणि जातं, त्याला कारण लागत नाही. हे रडणं हात वर गेला की येतं, म्हणजे हे दुखण्याचं. दोन्हींचं पाणी सारखंच दिसतं, म्हणून विचारावं लागतं. हात कामाला येईल का, असं सुगतनं विचारलं. त्या म्हणाल्या, ती आशा आता फार धरू नका. दुखणं कमी करू, तेवढं आपल्या हातात आहे.

मग त्यांनी हात कसा धरायचा ते शिकवलं. ओढायचा नाही, बगलेत हात घालून माणूस उठवायचा नाही. एक तळवा कोपराखाली, दुसरा पाठीच्या पात्यावर. बसले की हाताखाली उशी, चालवताना गळ्यात झोळी. आत्याबाई शिकायला पुढं झाल्या. त्यांचा हात जवळ येताच मामंजींनी डाव्या हातानं उजवा हात झाकून घेतला आणि सगळं अंग आक्रसून भिंतीकडे सरकले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. भीती होती. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं त्या बायकोची भीती. मी बघितलं आणि मान खाली घातली.

"राहू द्या आज," मॅडम म्हणाल्या. "शरीर लक्षात ठेवतं. सुनेला शिकवते."

तेव्हापासून मामंजींचा हात माझ्याकडे आला. सकाळ-संध्याकाळ शेक द्यायचा, पातं हलकं फिरवायचं, उशी लावायची. सूज उतरली, दुखणंही कमी झालं. पण आत्याबाई जवळ आल्या की तो डावा हात उजव्यावर यायचाच. पाणी घेऊन आल्या तरी. पांघरूण घालायला आल्या तरी. त्या मग ग्लास माझ्याकडे द्यायच्या आणि उंबऱ्यात जाऊन बसायच्या. मी व्यायाम करून घेताना तिथूनच बघत राहायच्या, आपला हात मांडीवर माझ्यासारखाच वाकडा-सरळ करत.

कप्पी तशीच टांगलेली होती, नुसती दोरी काढली होती. सुगत काढायला गेला तर त्या म्हणाल्या, "राहू दे. दिसू दे मला."

एकदा भाकरी थापता थापता त्या थांबल्या. "ताटावर एकदा वाजलं की मी टोपली झाकत होते, रेणुका. बोलता येत व्हतं तवा बी घंटी ऐकत होते. आन बोलता येईना तवाच कान गेले माझे." तव्यावरची भाकरी करपत होती, ती मी उलटली. त्यांना एकच गोष्ट हवी होती. मामंजींनी एकदा, फक्त एकदा, तो हात न झाकता त्यांना जवळ येऊ द्यावं. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बाबांना सांगून बघा. तो म्हणाला, काय सांगू, भिऊ नका म्हणून?

ज्वारी निसवायच्या सुमारास एका दुपारी आमच्या गल्लीत जीप आली. जळकोटकडची एक बाई उतरली. डोक्यावर पदर, हातात केळ्यांची पिशवी. तिनं नाव सांगितलं, तुळजाबाई, हणमंतरावांची घरवाली. ते घर मला ऐकून माहीत होतं. मोठी शेती, मोठी ओसरी. तरुणपणी मामंजींची गाडी त्यांच्या फाट्यावर बंद पडली होती, तेव्हा त्या ओसरीवर इतर उतारूंना तांब्या मिळाला होता आणि मामंजींच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं होतं. मामंजी हा किस्सा हसत सांगायचे. आत्याबाई हसत नसत.

आज त्या घरची बाई आमच्या खुर्चीवर बसून आमच्या कपातून चहा पीत होती, आणि समोरच्या तीन घरांच्या बाया दारात उभ्या राहून ते बघत होत्या.

"मालकाला लकवा झाला," तुळजाबाई म्हणाल्या. "दिवाळीपासून पडूनच हायती. लेकाच्या मोबाइलवर तुमचा व्हिडिओ बगितला. जीवात जीव आला बगा. म्हटलं, आपुन स्वता जाऊन इचारावं. ती कप्पी देता का चार महिने? नवी बी मिळंल, पण गुण आलेली ती ती. न्हाई म्हणू नका, ताई."

ताई. गल्लीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मी आत्याबाईंकडे बघितलं. खरं सांगते, मला वाटलं त्या काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. कप्पी मोडली म्हणतील, दवाखान्यात दाखवा म्हणतील. आमच्या दारात विनवणी घेऊन अशा घरचं कुणी कधी आलं नव्हतं. त्या मानाचा एक घोट तरी घ्यावा असं कुणालाही वाटेल.

तुळजाबाईंनी कॉटकडे वळून मामंजींना हात जोडले. "कंडक्टरसाब, आता बरं हाय नव्हं? हात वर जातो नव्हं?"

मामंजी तिच्याकडे बघत होते. उजवा हात उशीवर होता. आत्याबाई कॉटच्या जवळ उभ्या, म्हणून डावा हात त्याच्यावर.

"न्हाई जात," आत्याबाई म्हणाल्या.

"आं?"

"गुण न्हाई आला, बाई. मी ह्यांचा खांदा निखळवला." आवाज मोठा होता, समोरच्या दारापर्यंत जाईल एवढा. "तुम्ही बगितला तो व्हिडिओ माज्या चुकीचा हाय. हाताला फडकं बांधून मी ओढत होते, आडातून बादली ओढावी तसं. हे रडत होते. मी म्हणत होते, आजाराचं रडू हाय. ह्यांनी घंटी दिली. थांब म्हणून घंटी दिली. मी कंडक्टरची बायको, मला ऐकू आली न्हाई. ती कप्पी मी कुणालाच देणार न्हाई. आन तुमी बी नवी घेऊ नका."

तुळजाबाईंनी कप खाली ठेवला. "आमचे मालक बी रडतेत," त्या हळूच म्हणाल्या. "लेक बगलेत हात घालून उठवतोय. आमाला वाटलं…"

"मला बी वाटलं," आत्याबाई म्हणाल्या. "आज घरी गेल्या की आधी इचारा त्यांना. कुठं दुखतंय म्हणून इचारा. बोलता येईना तर डोळ्यानं सांगतील. आन नांदेडला न्या. हात कसा धरायचा ते शिकून या." बोलता बोलता त्या रडायला लागल्या. मी या घरात आल्यापासून त्यांना चारचौघांत रडताना पाहिलं नव्हतं.

मामंजीही रडत होते. तोंड वाकडं करून, लेकरासारखं. आमच्या तोंडात बसलेलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, राहू द्या, आजारच तसा आहे. मी ते गिळलं. गल्लीतल्याही कुणी ते म्हटलं नाही.

तेवढ्यात कॉटचा पाइप वाजला. टण टण.

आत्याबाईंना वाटलं, पाणी हवं आहे. त्या ग्लास घेऊन आल्या. मामंजींनी मान हलवली आणि पुन्हा वाजवलं. टण टण. मग ज्या हातानं वाजवलं तो डावा हात त्यांनी तसाच पाइपावर ठेवला. उजवा हात उशीवर उघडा पडला होता.

आत्याबाईंनी ग्लास माझ्याकडे दिला. ओले हात पदराला पुसले, दोनदा पुसले. कॉटच्या कडेला बसल्या. एक तळवा कोपराखाली गेला, दुसरा पाठीमागं पात्यावर, अगदी बरोबर, मॅडमनी मला शिकवलं होतं तसं. उंबऱ्यातून बघून बघून शिकल्या होत्या. मामंजींनी डोळे मिटले. पण ते सरकले नाहीत. आत्याबाईंनी हात उशीवरून हलकेच उचलला. थोडासा. आणखी थोडासा.

टण.

आत्याबाई तिथंच थांबल्या.